फुंकरीसाठी सोडलेली जागा

न्यूझीलंडच्या झाडाझुडपांवर एक पतंग सापडतो. नराला पंख असतात, मादीला नसतात. अळी असतानाच ती रेशमात काड्या आणि पानांचे तुकडे गुंफून एक लांबट पिशवी करते, पोटाशी फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. मग सगळा जन्म ती त्याच पिशवीत काढते. नर तिच्याकडे येतो, अंडी ती आतच घालते आणि मरतेही आतच. आपल्याकडे बाभळीवर काड्यांची इवली गाठोडी लोंबताना दिसतात, त्याच जातकुळीतली ही.

माओरी लोकांच्या लेखी ही मादी म्हणजे हिने राउकाताउरी, बासरीची देवता. कथा अशी की तिचा आपल्या बासरीवर इतका जीव जडला, की ती बासरीतच राहायला गेली. पूतोरिनो नावाचं वाद्य हुबेहूब त्या पिशवीच्या घाटाचं असतं. लाकूड उभं चिरायचं, दोन्ही फाळ्या आतून कोरायच्या, पुन्हा जुळवायच्या आणि वेलीच्या मुळांनी करकचून आवळायच्या. मधोमध तोंडाच्या आकाराचं भोक. टोकाशी ओठ दाबून फुंकलं तर तुतारीसारखा घोगरा आवाज येतो, तो पुरुषाचा. तेच वाद्य ओठांशी तिरकं धरून हलकी फुंकर घातली की बासरीसारखा बारीक, थरथरता सूर येतो, तो बाईचा. रात्री पिशवीत बसून जोडीदाराला घातलेली ती साद आहे, असं मानतात. हे वाद्य माओरींखेरीज जगात कुणाकडे नाही.

१९९९ साली न्यूझीलंडच्या संगीतकार गिलियन कारावे व्हाइटहेड यांनी 'हिनेराउकाताउरी' नावाची रचना केली. वाजवणारे दोघंच. ॲलेक्सा स्टिल यांच्याकडे पाश्चात्त्य बासऱ्या, छोट्या पिकोलोपासून खर्जातल्या आल्टो बासरीपर्यंत, आणि रिचर्ड नन्स यांच्याकडे माओरी वाद्यं. बासरीसाठी कागदावर सूर लिहिले आहेत. माओरी वाद्यांनी काय वाजवायचं ते मात्र वाजवणाऱ्यावर सोडलं आहे.

आपल्या गवयाला यात काय विशेष, असं वाटेल. कोरी जागा भरायची म्हणूनच तर तो मंचावर बसतो. पण युरोपीय अभिजात संगीतात रचनाकार कागदावर सगळं लिहितो. सूर, लय, कुठं हळू, कुठं जोरात, श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा. तिथं जागा सोडणं म्हणजे आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात देणं. व्हाइटहेडबाईंना ही किल्ली द्यायला, विद्यार्थिदशेपासून मोजली तर, चाळीस वर्षं लागली. मला त्यांच्या आयुष्यात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच वाटचाल. पुरस्कार वगैरे आहेतच, त्यांच्याकडे नंतर वळू.

*

जन्म २३ एप्रिल १९४१, न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर. बालपण फांगारेईत. घर संगीताचं, वडील संगीतशिक्षक. रक्तात युरोपीय वसाहतकऱ्यांबरोबर न्गाई ते रांगी या माओरी जमातीचाही वाटा आहे. ही जमात तौरांगाच्या बंदराभोवतीची.

त्या काळच्या न्यूझीलंडमध्ये माओरी वारसा असणं आणि तो जगायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शाळेत माओरी बोललं म्हणून छड्या खाल्लेल्या मुलांची एक पिढी तेव्हा आईबाप झाली होती. त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, मुलांच्या भल्यासाठी म्हणून. १९४० नंतर माओरी कुटुंबं गावं सोडून शहरांत नोकरीला येऊ लागली आणि भाषा आणखीच आक्रसली. वाद्यांचं तर त्याआधीच आटोपलं होतं. मिशनऱ्यांना ती रानटी, भुताखेतांशी जोडलेली वाटत. चर्चची भजनं आली, मग गिटार आली, आणि पूतोरिनो, कोआउआऊ, नगुरू ही मंडळी संग्रहालयांच्या काचेआड जाऊन बसली. खाली चिठ्ठी, लांबी इतकी, लाकूड अमुक. आवाज कसा होता हे चिठ्ठीवर कोण लिहिणार?

जगाला जे 'माओरी संगीत' म्हणून माहीत झालं, त्यात बराच भाग युरोपीय चालींवर बांधलेल्या गोड गाण्यांचा. रग्बीच्या मैदानावरचा हाका आपण टीव्हीवर पाहतो, तो जुना आहे. पण पर्यटकांपुढे गिटारवर गायली जाणारी बरीचशी गाणी विसाव्या शतकातली. मूळची गाणी वेगळीच होती. चार-पाच सुरांच्या अरुंद पट्ट्यात फिरणारी, दोन सुरांच्या मधल्या बारीक जागांवर रेंगाळणारी. सगळे एकच ओळ गात, खाली वेगळ्या सुरांचा आधार नाही. आणि एक दंडक असा, की गाणं मध्ये तुटता कामा नये. तुटलं तर अपशकुन, मृत्यूची चाहूल. म्हणून गाणारे आळीपाळीनं श्वास घेत, कुणीतरी सूर धरून ठेवलेला असेच. श्वासाला इतकी किंमत देणारं संगीत पाच रेघांच्या स्वरलिपीत मावणं कठीणच होतं. मींड कागदावर उतरत नाही हे आपल्याला कुणी सांगायला नको.

*

व्हाइटहेडबाईंच्या आधी कुणी प्रयत्न केला नव्हता असं नाही. आल्फ्रेड हिल यांचं नाव इथं घ्यायलाच हवं. ते माओरी नव्हते. १८६९ साली मेलबर्नला जन्मले, वेलिंग्टनला वाढले आणि १८८७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, शिकायला थेट लाइपझिगला गेले. तिथल्या प्रसिद्ध गेवांडहाउस वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवून परत आले ते जर्मन शिस्तीत मुरलेले तरुण संगीतकार होऊन. १८९६ मध्ये त्यांनी गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठी 'हिनेमोआ' रचली.

हिनेमोआची गोष्ट न्यूझीलंडमध्ये घरोघर ठाऊक आहे. रोटोरुआच्या तळ्यात मोकोइआ नावाचं बेट. बेटावर तुतानेकाई रात्री बासरी वाजवतो, काठावर हिनेमोआ ऐकते. घरच्यांना लग्न मान्य नाही. ती पळून जाईल म्हणून होड्या काठावर ओढून ठेवलेल्या. शेवटी ती अंगाला वाळलेले भोपळे बांधून, अंधारात, बासरीच्या रोखानं पोहत जाते. पलीकडून येणारा सूर एवढाच तिला दिशेचा आधार.

म्हणजे या गोष्टीचा जीव बासरीत आहे. हिल यांनी एका माओरी सुरावटीचा तुकडा घेतला, त्याला जर्मन पद्धतीच्या भरघोस स्वरसंगतीची झूल चढवली आणि रचना फार गाजली. पण त्यांच्या वाद्यवृंदात कोआउआऊ, म्हणजे आखूड माओरी बासरी, नव्हती. ती असायला हवी असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुढं 'तापू' नावाची ऑपेरा आली, १९०४ च्या 'वायाता पोई' या गाण्यानं तर दिवाणखान्यांतले पियानो गाजवले. हिल मनापासून माओरी संगीतावर लुब्ध होते, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ते संगीत ऐकताना पाहुण्याच्या अंगावर यजमानाचा कोट चढवल्यासारखं वाटतं. खांद्यात घट्ट, बाह्या लांब. १९६० मध्ये हिल सिडनीत वारले. त्या सुमारास ऑकलंड विद्यापीठात एक एकोणीस वर्षांची मुलगी संगीत शिकत होती.

*

ऑकलंडनंतर व्हाइटहेड वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात गेल्या. तिथं तेव्हा डग्लस लिलबर्न शिकवत होते. न्यूझीलंडच्या माणसानं न्यूझीलंडचं संगीत लिहायचं तर ते कशातून लिहायचं, हा प्रश्न लिलबर्न यांनी १९४६ मध्येच एका व्याख्यानात जाहीरपणे विचारला होता. मग सिडनी विद्यापीठ आणि तिथं शिकवणारे संगीतकार पीटर स्कल्थॉर्प. १९६६ मध्ये इंग्रज संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस ॲडलेडला आले होते. त्यांच्या वर्गाला व्हाइटहेड बसल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे शिकायला इंग्लंडला गेल्या.

डेव्हिस यांच्याकडून त्यांनी जे उचललं, ते आपल्याला ओळखीचं वाटेल. जादूचा चौरस. नऊ घरं आखायची, एक ते नऊ आकडे असे भरायचे की आडवी, उभी, तिरपी कुठलीही ओळ घेतली तरी बेरीज पंधरा. नारायण पंडितांनी १३५६ साली 'गणितकौमुदी'त यावर 'भद्रगणित' नावाचं प्रकरणच लिहून ठेवलं आहे. डेव्हिस मोठाले चौरस घेत. एखादी जुनी चर्चमधली सुरावट निवडायची, तिचे सूर घरांत मांडायचे, आकड्यांवरून सुरांची लांबी ठरवायची. मग घरं कधी डावीकडून उजवीकडे वाचायची, कधी वरून खाली, कधी चक्राकार आत. एका छोट्या ओळीतून अर्ध्या तासाचं संगीत निघतं. ऐकणाऱ्याला चौरस दिसत नाही, पण कुठंतरी आत हाडं आहेत हे जाणवतं.

व्हाइटहेडबाईंनी ही पद्धत आपलीशी केली आणि बरीच वर्षं वापरली. खरं सांगायचं तर त्या काळातल्या काही रचना मला कोरड्या वाटतात. कारागिरी चोख आहे, पण खिडक्या बंद असलेल्या खोलीत बसल्यासारखं होतं. तरी या तालमीशिवाय पुढची मोकळीक आली असती असं मला वाटत नाही. मोडायला आधी काहीतरी घट्ट बांधलेलं लागतं.

आणि चौरसांच्या त्या दिवसांतही दुसरी एक ओल झिरपत होतीच. १९६७ च्या एका रचनेला त्यांनी नाव दिलं 'पाकुरू'. पाकुरू म्हणजे दातांत एक काठी धरून दुसऱ्या काठीनं तिच्यावर हलके ठोके मारायचे वाद्य. ओठांचा आकार बदलला की तोंडाच्या पोकळीत आवाज बदलतो. वाजवणाऱ्याचं तोंडच वाद्य होतं. १९७० मध्ये 'फाकाताउकी' आली. फाकाताउकी म्हणजे माओरी म्हणी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं शहाणपण, आणि त्याच म्हणी त्यांनी आवाज आणि छोट्या वाद्यसमूहासाठी बांधल्या. इंग्लंडात बसून, इंग्रज गुरूकडून शिकून, आणि शब्द मात्र पूर्वजांच्या भाषेतले. माओरी भाषेला न्यूझीलंडमध्ये राजभाषेचा दर्जा मिळायला अजून सतरा वर्षं होती.

*

पुढची दहा-अकरा वर्षं युरोपात. इंग्लंड, पोर्तुगाल, इटली. १९७८ ते ८० त्या न्यूकासलला नॉर्दर्न आर्ट्सच्या निवासी संगीतकार होत्या. त्याच सुमारास कवयित्री फ्लूर ॲडकॉक तिथंच निवासी लेखिका म्हणून होत्या. त्याही मूळच्या न्यूझीलंडच्या, त्यांचंही आयुष्य दोन देशांत वाटलेलं. दोघींनी मिळून १९८० मध्ये 'हॉटस्पर' रचलं. हॉटस्पर म्हणजे त्याच नॉर्थम्बरलंडचा चौदाव्या शतकातला लढवय्या सरदार, शेक्सपिअरच्या नाटकामुळं प्रसिद्ध झालेला. पण इथं बोलतं कोण, तर घरी वाट पाहणारी त्याची बायको. एकटी सोप्रानो गायिका आणि थोडी वाद्यं.

इथून बायकांच्या कहाण्यांची एक मालिका सुरू झाली. राणी एलिनॉर ऑफ ॲक्विटेन. मग 'ब्राइड ऑफ फॉर्च्यून', महायुद्धानंतर इटलीतून फोटोवर लग्न ठरवून ऑस्ट्रेलियाला बोटीनं आलेल्या नवऱ्या मुलींची गोष्ट. २००३ ची 'ॲलिस', फ्लूर ॲडकॉक यांच्याच घराण्यातली, इंग्लंड सोडून न्यूझीलंडला आलेली बाई. हेलन मेडलिन या गायिकेनं ती एकटीनं पूर्ण वाद्यवृंदासमोर उभी केली. नंतर 'आयरिस ड्रीमिंग', म्हणजे रॉबिन हाइड या टोपणनावानं लिहिणाऱ्या आयरिस विल्किन्सन, ज्या १९३८ मध्ये युद्ध चालू असलेल्या चीनमध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. जवळजवळ सगळ्या बाया घरापासून लांब, एका किनाऱ्यावरून दुसऱ्याला साद घालणाऱ्या. पतंगाच्या मादीशी यांचं नातं मी ओढून-ताणून लावत असेन, पण एकदा डोक्यात आल्यावर ते जात नाही.

१९८१ मध्ये त्या सिडनीच्या संगीत विद्यालयात शिकवायला लागल्या, चार वर्षं रचना विभागाच्या प्रमुख होत्या, १९९६ मध्ये निवृत्त झाल्या. मधल्या काळातच त्यांनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, डनीडिनजवळच्या ओटागो द्वीपकल्पावर बिऱ्हाड केलं होतं. त्यांचे गुरू डेव्हिसही इंग्लंड सोडून स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनीच्या बेटांवर राहायला गेले होते. गुरुशिष्यांनी जगाची दोन विरुद्ध टोकं निवडली, आणि दोन्हीकडे वारा तसाच.

ओटागो द्वीपकल्पाच्या टोकाला राजआल्बट्रॉस पक्ष्यांची वसाहत आहे. खाडीच्या तोंडापलीकडं आरामोआना. तिथं ॲल्युमिनियमचा कारखाना येणार होता, गावकऱ्यांनी १९८० मध्ये आपलं गाव स्वतंत्र देश असल्याचं जाहीर करून विरोध केला, कारखाना आला नाही. व्हाइटहेडबाईंच्या १९८२ च्या एका रचनेचं नाव 'लो टाइड, आरामोआना' आहे, कविता सिला मॅक्वीन यांची. ओटागो हे नावसुद्धा ओताकोऊ या तिथल्याच माओरी गावावरून पडलेलं. त्याच ओताकोऊला १८३१ मध्ये वेलर बंधूंनी देवमासे मारून चरबी काढायचं ठाणं उघडलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

*

इकडं नेल्सनमध्ये रिचर्ड नन्स नावाचे एक शिक्षक होते. गोरे. वायकाटो विद्यापीठात हिरिनी मेलबर्न होते, तूहोए जमातीचे, माओरी मुलांसाठी पाखरांची, किड्यामुंग्यांची, झाडांची गाणी लिहिणारे. तिसरे ब्रायन फ्लिंटॉफ, हाडावर आणि लाकडावर कोरीवकाम करणारे. या तिघांना आणि त्यांच्या सोबत्यांना ऐंशीच्या दशकात एकच खूळ लागलं: काचेआडच्या त्या वाद्यांना पुन्हा बोलतं करायचं.

कसं करायचं? शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. संग्रहालयात जाऊन मापं घ्यायची, तशीच वाद्यं घडवायची. मग गावोगावच्या माराएंवर, म्हणजे जमातीच्या सभास्थानी, जायचं आणि म्हाताऱ्यांसमोर ती वाजवायची. कुणाला आजीनं सांगितलेलं एखादं वाक्य आठवे, कुणाला एखाद्या जुन्या गाण्यातला उल्लेख. असे कण गोळा करत पूर्ण घराणं उभं करायचं. शंखाला लाकडी तोंड बसवलेली पूतातारा, दोरीनं गरगर फिरवायची पूरेरेहुआ, आत फुंकायचा मोठा भोपळा, नाकातोंडाशी धरायचा देवमाशाच्या दाताचा नगुरू. आखूड कोआउआऊला तीन भोकं, आणि ती कुठं पाडायची हे घडवणाऱ्यानं आपल्या बोटांच्या पेरांवर मोजायचं. म्हणजे दोन कोआउआऊ कधी एका सुरात नसणार. प्रत्येक बासरीचा सूर तिच्या मालकाच्या बोटांएवढा.

या वाद्यांना मिळून ताओंगा पूओरो म्हणतात. पूओरो म्हणजे नाद. ताओंगा म्हणजे ठेवा, पण हा शब्द साधा नाही. १८४० च्या वाइटांगी कराराच्या माओरी मसुद्यात, ज्या गोष्टींवर माओरींचा हक्क अबाधित राहील त्यांत तो आहे. १९८६ मध्ये वाइटांगी न्यायाधिकरणानं निकाल दिला की माओरी भाषाही ताओंगा आहे आणि तिची राखण करणं सरकारचं काम आहे. १९८७ मध्ये कायदा झाला. वाद्यांच्या नावात तोच शब्द आहे.

१९९४ मध्ये मेलबर्न आणि नन्स यांची 'ते कू ते फे' ही ध्वनिमुद्रिका निघाली. कित्येक माओरींनी आपल्या पूर्वजांची वाद्यं आयुष्यात पहिल्यांदा ऐकली ती इथं. त्यानंतर पाचच वर्षांत 'हिनेराउकाताउरी'.

*

आता त्या कोऱ्या जागेकडे परत येऊ. व्हाइटहेडबाईंपुढे दोन रस्ते होते. नन्स जे वाजवतात ते नीट ऐकून, पाच रेघांवर उतरवून त्यांच्या हातात देणं हा एक. चौरसांत मुरलेल्या बाईंना ते जमलं असतं. पण मग ते वाद्य पुन्हा हिल यांच्या कोटात गेलं असतं. दुसरा रस्ता असा, की आपण कितीही शिकलो असलो तरी या वाद्याला काय म्हणायचं आहे ते आपण ठरवायचं नाही. त्यांनी हा दुसरा धरला. पाश्चात्त्य वाद्यांचं लिहायचं, तेही असं की समोरच्याला वळायला वाव राहील.

२००१ मध्ये न्यूझीलंड स्ट्रिंग क्वार्टेट आणि नन्स यांच्यासाठी 'हिनेपूतेहूए'. ही भोपळ्याची देवता, शांततेचीही. देवांची भावाभावांत लढाई जुंपली तेव्हा वाऱ्याचा राग तिनं आपल्या पोकळ पोटात घेतला, अशी कथा. मग २००६ च्या सुमारास 'पुहाके की ते रांगी', आकाशाकडे उडणारा फवारा. विषय देवमासे. पुन्हा चार तंतुवाद्यं आणि नन्स, आणि नन्स यांच्या हातांत देवमाशाच्या हाडाची वाद्यं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुरुवातीलाच थांबवलं. ध्वनिमुद्रणात वारा शिरलाय असं वाटलं. मागं नेऊन पुन्हा लावलं, तर तो वारा नव्हता, सुराआधीची फुंकर होती. सूर लागायच्या आधी हाडातून जाणारी नुसती हवा. कुठल्याही पाश्चात्त्य बासरीवादकाला हा आवाज घालवायला वर्षानुवर्षं शिकवतात. इथं तोच पुढं आणून ठेवलेला. मग व्हायोलिन येतं, पण सूर घेऊन येत नाही. तारेवरून गज इतका हलका ओढलेला की तिकडूनही आधी हवाच ऐकू येते. दोघांची ओळख श्वासाशी होते, सूर मागून येतात.

चार तंतुवाद्यंच का निवडली असतील, हेही ऐकताना उमगत जातं. पियानोचे सूर कारखान्यातून ठरून आलेले असतात, त्याला हाडाच्या बासरीशेजारी बसवलं तर दोघांपैकी एक बेसूर वाटणार. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नाहीत. बोट केसभर सरकवलं की ते पाहुण्याच्या सुराला जाऊन मिळतं. इथं जुळवून घेणारा युरोप आहे.

आणि ओताकोऊ आठवा. ज्या किनाऱ्यावर देवमाशांची चरबी उकळून पिंपं भरली, त्याच द्वीपकल्पावर राहणारी बाई त्यांच्या हाडांसाठी संगीत लिहिते. रचनेत शोक आहे की उत्सव, मी सांगू शकणार नाही. बहुधा दोन्ही. खालच्या पट्टीत चेलो ओढत जातो तिथं गाणं न तुटू देण्याचा तो जुना दंडक जाणवतो. एक वाद्य श्वास घेतं तेव्हा दुसरं सूर धरून असतं.

*

मानसन्मानांचं थोडक्यात. न्यूझीलंडच्या आर्ट्स फाउंडेशननं २००० साली त्यांना लॉरिएट केलं. वर्षातल्या उत्तम रचनेचा तिथला पुरस्कार एकाहून अधिक वेळा मिळाला. २००८ मध्ये देशाचा वरच्या दर्जाचा नागरी सन्मान दिला गेला तेव्हा न्यूझीलंडनं 'सर', 'डेम' या पदव्या बंद केल्या होत्या. २००८ च्या अखेरीस सरकार बदललं, २००९ मध्ये पदव्या परत आल्या, आणि ज्यांना हव्यात त्यांनी घ्याव्यात असं ठरलं. व्हाइटहेडबाईंनी घेतली. राणीच्या नावानं मिळालेली 'डेम' ही पदवी आणि न्गाई ते रांगीचं रक्त, दोन्ही एका नावापुढं. विसंगती वाटते खरी, पण त्यांच्या संगीतात तरी याहून वेगळं काय आहे?

आक्षेप घ्यायचाच तर एक आहे, आणि तो मोठा आहे. लिहिलेलं संगीत लिहिणाऱ्याच्या मागं उरतं. कोरी जागा उरते का? या सगळ्या रचना एका माणसाच्या श्वासाभोवती उभ्या होत्या. मेलबर्न २००३ मध्येच गेले. नन्स यांना पुढं कंपवात झाला. बोटांवर आणि ओठांवर जगणाऱ्या माणसाला कंपवात! तरी ते शक्य तितकी वर्षं वाजवत राहिले, २०२१ मध्ये वारले. उद्या 'पुहाके की ते रांगी' वाजवायची तर चौघांच्या हातात कागद आहेत, पाचव्याच्या हातात काही नाही.

म्हणूनच ती जागा उरेल की नाही हे ती राखणारे कोण, यावर ठरणार. आणि ते आहेत. होरोमोना होरो, आरिआना तिकाओ, ॲलिस्टर फ्रेझर आणि त्यांच्यामागून येणारी आणखी मंडळी आज ही वाद्यं वाजवतात. त्यांतले काही माओरी भाषा घरात ऐकतच वाढले. ते नन्स यांच्यासारखं वाजवत नाहीत, आणि तसं वाजवावं अशी रचनेची मागणीही नाही. रचना लिहून भरलेली असती, तर प्रत्येक वादक नन्स यांची नक्कल ठरला असता. आता तो स्वतःची बासरी, स्वतःच्या बोटांच्या पेरांएवढी, घेऊन येतो. आक्षेपाचं उत्तर त्या कोऱ्या जागेतच होतं, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं.

व्हाइटहेडबाई सत्तरी ओलांडल्यावरही लिहीत होत्या. २०१८ मध्ये न्यूझीलंड सिम्फनी वाद्यवृंदासाठी त्यांनी 'तुरांगा-नुई' लिहिलं. ऑक्टोबर १७६९ मध्ये कॅप्टन कुक ज्या किनाऱ्यावर पहिल्यांदा उतरला आणि त्याच्या माणसांच्या गोळीला ते मारो हा माओरी बळी पडला, त्या जागेचं हे नाव.

वाचकहो, यांतलं बरंचसं न्यूझीलंडच्या संगीत केंद्रानं, म्हणजे 'साउन्झ'नं, आपल्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवलं आहे, काही रचना ऐकायलाही मिळतात. सुरुवात 'हिनेराउकाताउरी'पासून करा. रात्री ऐका, दिवसभराचा गोंधळ ओसरल्यावर. आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा, नाहीतर पहिली फुंकर ऐकू येणार नाही.